दाराशी म्हणायचा शब्द

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालावा तर या खोलीची लांबी पुरत नाही, पाय दाराबाहेर जातील. म्हणून उभ्यानेच नमस्कार करते. सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर आपण दोघी "जेवलीस का" आणि "आवाज येतोय का" याच्या पुढे कधी जात नाही. शिवाय जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या बाईच्या बहिणीने पत्र टाकलं नाही तर तुला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. तेव्हा हे पहिलं.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ, तिच्यावर पाइपांचं जाळं. समोरच्या खिडकीत एक गृहस्थ रोज सकाळी शर्टाला इस्त्री करतात आणि कॉलरपाशी पोचले की जीभ बाहेर काढतात. इथली लिफ्ट प्रत्येक मजला या देशाच्या भाषेत बोलून सांगते. मला एक अक्षर कळत नाही, पण चौथ्या मजल्याचा आवाज आता ओळखते. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याला लागून लाँड्री, मग बसस्टॉप.

शाळा म्हणजे आपली शाळा नव्हे. ऑफिसांच्या इमारतीत तीन वर्गखोल्या आहेत. कामावर जायच्या आधी आणि कामावरून सुटल्यावर मोठी माणसं तिथे इंग्रजी शिकायला येतात. सकाळचा वर्ग माझा. खुर्च्यांच्या हाताला छोटी फळी जोडलेली असते, तिच्यावर वही ठेवून लिहायचं, त्यामुळे पोट सुटलेल्यांची पंचाईत होते. पहिल्या दिवशी मी हजेरी दोनदा घेतली. आयुष्य आठवीच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात गेलं, आणि इथे समोर टॅक्सीवाले, नर्सबाई आणि बँकेतले कारकून. पहिल्या रांगेत सत्तरीच्या एक बाई बसतात. बाजारात त्यांचं दुकान आहे, नुसत्या बटणांचं. मुलगा दूर इंग्रजी बोलणाऱ्या देशात स्थायिक झालाय आणि त्याच्या लहान मुलीला आजीची भाषा येत नाही. नातीशी बोलता यावं म्हणून त्या या वयात शिकायला बसल्या. मी मनातल्या मनात त्यांना बटणबाई म्हणते.

आता विचारायचं ते विचारते. भात शिजवायला विजेचं भांडं घेऊ का? लहान की मध्यम? आणि इथे छत्रीशिवाय पान हलत नाही. काळी घेऊ की निळी? करार एप्रिलअखेरपर्यंतचाच, तेवढ्यासाठी सामान कशाला जमवायचं असंही वाटतं. तू सांगशील तसं करीन.

गादी फार टणक आहे आणि तुझी सारखी आठवण येते.

तुझी धाकटी


२३ ऑगस्ट

धाकटे,

आशीर्वाद दर पत्रात नव्याने लिहीत बसणार नाही, ते चालू आहेत असं समज. तुझं पत्र मिळालं. तिकीट वाकडं चिकटवलंस आणि पत्त्यातला चार नवासारखा काढलास. आपला पोस्टमन जुना आहे म्हणून नशीब, नाहीतर पत्र गावभर हिंडून आलं असतं.

भांडं मध्यम घे. छत्री काळी. माझं उत्तर येईपर्यंत तू उपाशी बसून भिजत होतीस की काय? तुझं हे जन्माचंच आहे. तुझी ती जुनी विद्यार्थिनी "बाई, आमच्याकडे शिकवायला या" म्हणून मागे लागली, तर तू महिनाभर "जाऊ का, जाऊ का" करून माझं डोकं उठवलंस. शेवटी मीच जा म्हटलं. नाही म्हटलं असतं तर निवृत्त होऊन घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटले असतेस.

इकडे सगळं ठीक. वरच्या काकूंच्या नळाचं पाणी पुन्हा आपल्या भिंतीत उतरलं. प्लंबर "आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच. मग काकूंशी दोन शब्द झाले, त्यात त्यांचा एक आणि माझे बाकीचे. काल संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसून चहा घेतला, हवा छान पडली होती.

गादी टणक असेल तर खाली जाड चादर दुहेरी घाल. तुझ्या खोलीची काळजी करू नकोस, तिथला केर रोज निघतो. एप्रिल काही फार लांब नाही.

ताई


२५ सप्टेंबर

प्रिय ताई,

भांडं मध्यम घेतलं. छत्री मात्र तुझं पत्र येण्याआधीच घ्यावी लागली, कारण चिंब भिजून वर्गात गेले आणि सगळ्यांनी मिळून मला दुकानात पाठवलं. दुकानात काळी होती, तरी मी निळी उचलली. का उचलली ते विचारू नकोस, मलाही सांगता यायचं नाही.

आधी एक गोष्ट. तू लिहिलंस, "आम्ही गॅलरीत बसून चहा घेतला." हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात तू एकटी आणि तोंडात अजून आपल्या दोघींचं "आम्ही". व्याकरण शिकवण्यात हयात गेली माझी, असा शब्द नजरेतून सुटत नाही. ताई, एवढं एकटं वाटून घेऊ नकोस. काकूंशी भांडण मिटव आणि त्यांनाच चहाला बोलाव.

वर्ग ठीक चाललाय. ठीक म्हणजे काय, चांगलाच चाललाय. आठवीच्या पोरांना घंटा कधी होते याची घाई असायची, हे लोक घंटा झाली तरी उठत नाहीत. टॅक्सीवाला गाडी चालवताना शिकलेली वाक्यं गिऱ्हाइकांवर वापरून बघतो आणि दुसऱ्या दिवशी कोण हसलं, कोण रागावलं ते सांगतो. बटणबाई दर रविवारी नातीशी फोनवर बोलतात आणि सोमवारी मला सगळं ऐकवतात. मागच्या सोमवारी त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "टीचर, ती मला जोक सांगितली, मी हसली, खरं हसली." खोटं हसणं आणि जोक कळून हसणं यातला फरक त्यांना एवढा मोठा वाटला. मी दिवसभर हवेत होते.

आणखी एक सांगते, हसू नकोस. इथे मला कुणी "पोस्टातल्या बाईंची बहीण" म्हणून ओळखत नाही. किल्लीवाला, लाँड्रीवाली, बसचा ड्रायव्हर, सगळे "टीचर" म्हणतात. बस चुकत असली तर तो ड्रायव्हर चक्क थांबतो. संध्याकाळी मी उगीचच दोन स्टॉप आधी उतरते आणि चालत येते. एप्रिलनंतर माझ्या या वर्गाला कोण मिळेल कुणास ठाऊक.

गादी अजून टणकच आहे, चादरीने फरक पडला नाही. तुझ्याशिवाय इथे काही खरं नाही.

तुझी धाकटी


१८ ऑक्टोबर

धाकटे,

मी एकटी असले तरी "आम्ही"च आहे. सरकारी नोकरीत इतकी वर्षं "आम्हांस कळविण्यात येते" लिहून माझा हात तसाच वळलाय. तेवढ्यावरून डोळ्यांत पाणी आणायची गरज नाही. तुझे व्याकरणाचे चष्मे माझ्या पत्राला लावू नकोस.

निळी छत्री घेतलीस, बरं. लवकर मळेल.

इकडची बातमी म्हणजे तुझ्या खोलीला रंग दिला. फिकट हिरवा. पांढऱ्याचा कंटाळा आला होता. मागच्या आठवड्यात जरा घसरले, गुडघ्याला खरचटलं, पण हाडबिड काही मोडलं नाही, आता तुरुतुरु चालते आहे. घरात नव्हे, बाहेर रस्त्यावर घसरले. कशी ते विचारू नकोस, तूही छत्रीचं कुठे सांगितलंस.

पत्र थोडक्यात आटपते, सकाळी लवकर उठायचं असतं हल्ली. एप्रिलची वाट बघतेच आहे.

ताई


१० डिसेंबर

प्रिय ताई,

रस्त्यावर घसरलीस आणि मला "विचारू नकोस" म्हणतेस. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला आहे. पण आज माझीच फजिती सांगायची आहे, ती आधी ऐक.

परवा वर्ग सुरू व्हायच्या आधी संचालकांनी बोलावणं पाठवलं. संचालक म्हणजे या शाळेचे मालक, बारीक गृहस्थ, बोलताना टेबलावरची टाचणी सरळ करत राहतात. म्हणाले, "तुमच्याबद्दल तक्रार आली आहे." बटणबाईंच्या मुलाने थेट परदेशातून फोन केला होता. त्याच्या आईला हे कुणी शिकवलं असं तो विचारत होता.

झालं होतं असं. बटणबाई दर रविवारी नातीशी बोलून झाल्यावर फोन ठेवताना म्हणायच्या, "आय विल कम." प्रत्येक रविवारी. नातीला वाटलं, आजी येणार. तिने आईबापांना सांगितलं. मुलाला वाटलं, पाच वर्षं बोलावतोय, दुकान सोडवत नाही म्हणत होती, आता आई तयार झाली. त्यांनी नातीच्या खोलीत खिडकीपाशी आजीसाठी पलंग टाकला. नातीने त्यावर स्वतःची उशी ठेवली. मग मुलाने आईला तिकीट कधीचं काढू म्हणून विचारलं, तर बटणबाई म्हणाल्या, कसलं तिकीट? पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं.

मी संचालकांना म्हटलं, हे मी शिकवलेलं नाही, मी असं कशाला शिकवीन. एवढं बोलून वर्गात गेले आणि सगळ्यांना विचारलं, निरोप घेताना इंग्रजीत काय म्हणतात? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "आय विल कम." टॅक्सीवाल्याने तर माझ्यासारखा हात वर करूनही दाखवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज वर्ग संपला की मी फळा पुसते, पिशवी उचलते, दाराशी वळते, हात वर करते आणि म्हणते, "ओके, आय विल कम." अगं, मी "येते" म्हणत होते. आपण दाराशी "जाते" म्हणतो का कधी? लहानपणी "जाते" म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. आपल्या शाळेतही मी जन्मभर हेच म्हणत आले असणार, पण तिथली पोरं, शिक्षक, शिपाई, सगळे आपलेच. कुणाला वावगं वाटलंच नाही. आपण इंग्रजीत विचार करतो असा मला गर्व होता ताई. दाराशी पोचलं की तोंडातून आईच बोलते.

वर्गाला मी सगळं समजावून सांगितलं. आमच्या भाषेत निघणारा माणूस "येतो" म्हणतो, कारण "जातो" म्हणणं बरं नाही, परत यायचं आहे असं मागच्यांना वाटलं पाहिजे. मला लाजेने मान वर करवत नव्हती. बटणबाई शांतपणे ऐकत होत्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "टीचर, नात म्हणाली खिडकीतून झाड दिसतं. मी जाते. दोन महिने जाते. बटणं नासत नाहीत." तिकीट मार्चचं निघालंय. मुलाने पुन्हा फोन केला, या वेळी आभार मानायला, पण आवाज अजून थोडा फुरंगटलेलाच होता म्हणे.

काल दुपारी संचालकांनी पुन्हा बोलावलं, वर्गातली हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. म्हणाले, "तुमच्या भाषेत निघताना येते म्हणतात. मग खरंच यायचं असलं तर काय म्हणतात?" मी म्हटलं, "तेव्हाही येतेच." "मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?" मी म्हटलं, "तोंडाकडे बघून." त्यांनी बराच वेळ टाचणी सरळ केली. मग म्हणाले, "तुमची चूक सगळ्या वर्गाला पाठ आहे. बाकीच्या शिक्षकांचं बरोबर असलेलंही कुणाच्या लक्षात राहत नाही. तुम्ही आणखी दोन वर्षं राहाल का?"

मी म्हटलं, ताईला विचारून सांगते. त्यांनी विचारलं, "ताई म्हणजे तुमच्या वरच्या अधिकारी का?" मी हो म्हणून टाकलं, तेच सोपं होतं. जानेवारी संपायच्या आत उत्तर द्यायचंय. ताई, त्यांना काय सांगू? तू सांगशील तसं.

गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही.

तुझी धाकटी


४ जानेवारी

धाकटे,

हसून हसून पुरेवाट झाली. वरच्या काकूंना वाचून दाखवलं, त्याही हसल्या, आणि त्या भरात नळ दुरुस्त करून घेते म्हणाल्या. तुझ्या फजितीने भिंत वाचली. आईच्या धपाट्याची ओळ मात्र मी दोनदा वाचली.

आता तुझ्या प्रश्नाचं. यात विचारायचं काय आहे? तुला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही हे मी तुझ्या जन्मापासून बघतेय. तो टाचणीवाला राहा म्हणाला आणि तू अडकलीस. म्हणून तुझ्या वतीने मीच नाही म्हणते. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही असं सांग त्याला. गादी टणक, जीव रमत नाही, पत्रापत्रात रडगाणं चाललंय, आणि म्हणे दोन वर्षं. एप्रिलमध्ये सरळ घरी ये.

तू एवढं मोकळेपणाने लिहिलंस, तर मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसत नाही. तुझ्या खोलीत गेल्या ऑगस्टपासून एक मुलगी राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आहे तिची, भल्या पहाटे स्कूटरवरून घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घेते. राहायला जागा शोधत होती, काकूंनी माझ्या गळ्यात मारली. ते "आम्ही" म्हणजे ती आणि मी. खोलीचा हिरवा रंग तिच्याच आवडीचा. तुला लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं, पाठ वळली नाही तोच ताईने माझी जागा दुसऱ्याला दिली.

आणि घसरले ती स्कूटरवरून. ती शिकवते मला. अशी हसू नकोस. ती पहाटे निघायच्या आधी आम्ही मैदानाला दोन चकरा मारतो. सरळ जाता येतं, डावीकडे वळता येतं. उजवीकडचं अजून जमत नाही, म्हणून डावीकडे तीनदा वळून घरी येते. काकू गॅलरीत उभ्या राहून बघतात आणि रोज कुणाला तरी बोलावून आणतात. मजा आली गं या दिवसांत, उगाच नाही कशाला म्हणू.

पण तू निश्चिंत राहा, तुझी खोली तुझीच आहे. कालच तिला सांगितलं, मार्चअखेर दुसरीकडे बघ. तिने "बरं" म्हटलं आणि आज चहा न घेताच कामावर गेली. मिळेल तिला कुठे तरी.

येण्याची तारीख कळव.

ताई


२४ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा पहिलं वाक्य "ताई, राहू का" असंच आलं आणि तिन्ही वेळा कागद फाडला. हा चौथा आहे.

मी इथे आणखी दोन वर्षं राहते आहे. आज सकाळी संचालकांना तसं सांगितलं आणि मगच लिहायला बसले, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. ते म्हणाले, "अधिकाऱ्यांचं उत्तर आलं वाटतं." मी म्हटलं, आलं, त्या नाही म्हणाल्या.

तू म्हणतेस माझं रडगाणं चाललंय. तू तरी काय करणार, मीच तसं लिहिलं. गादी टणक आहे हे खरं, पण पहिल्या आठवड्यापासून मला तिच्यावर गाढ झोप लागते. तुला ते लिहायला धजले नाही. ताईने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून मला शिकवलं, तिला मागे एकटी ठेवून मी इथे घोरते, हे कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून आनंदाच्या प्रत्येक गोष्टीमागे थोडी गादी लावत गेले.

मला इथे करमतं, ताई. इतकं करमतं की कधी कधी त्याचीच लाज वाटते. सकाळी त्या फळीच्या खुर्च्या भरायला लागतात आणि टॅक्सीवाला लांबूनच "गुड मॉर्निंग, टीचर" ओरडतो, तेव्हा मला पुन्हा पंचविशीत नोकरीला लागल्यासारखं वाटतं. तेव्हा मी फार घाबरट होते. आता घाबरट नाही, एवढाच काय तो फरक.

लॅबवालीचं वाचलं. खरं सांगते, आधी कसंसंच झालं. माझ्या पलंगावर दुसरं कुणी, माझ्या भिंती हिरव्या, आणि तुझं "आम्ही" तिच्यासाठी. दिवसभर घुम्यासारखी वावरले. मग तू मैदानात डावीकडे वळत वळत घरी येतेस ते डोळ्यांपुढे आलं आणि बसमध्ये एकटीच फिदीफिदी हसले. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. तिला घालवू नकोस. पण ती तिथे आहे म्हणून मी इथे राहत नाही, हेही लिहून ठेवते. ती नसती आणि तू खरोखर एकटी असतीस, तरी मी राहिलेच असते. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे ते.

तू रागावशील. रागाव. मे महिन्यात मला सुट्टी आहे, तेव्हा घरी येऊन समोर बसते आणि सगळं ऐकून घेते. पण जूनमध्ये मी इथे परत असेन.

तुझी धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा लॅबवाली खोक्यात पुस्तकं भरत होती. मी पत्र वाचलं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा वाचलं.

फार वाईट वाटलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? घरात माणूस आहे, स्कूटर आहे, काकूंशी समेट आहे, तरीही वाटलं. "ती नसती तरी राहिले असते" या ओळीशी तर मी किती वेळ अडून बसले. एवढं स्पष्ट लिहायची काय गरज होती, असं मनात आलं. मग रागाने फोन उचलला. चांगली खडसावायचीच होती तुला, शब्दही तयार होते.

आकडे दाबता दाबता हात थांबला. खडसावायचं कशाबद्दल? या पत्रात तू मला काही विचारलंच नव्हतंस. आजवर सगळं विचारून केलंस. कला घेऊ की शास्त्र, एक वेणी घालू की दोन, पगाराच्या पहिल्या दिवशी कुठली साडी नेसू, इतकंच काय, पासपोर्टच्या फोटोत हसू का, तेही विचारलंस. मी नको म्हटलं म्हणून त्या फोटोत तुझा चेहरा कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसासारखा आलाय. तू विचारतेस आणि मी आधी नाही म्हणते, ही आपली जुनी रीत. या वेळीही तू विचारलंस, मी नाही म्हटलं, इथवर सगळं रीतसर झालं. त्यापुढचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा फोन ठेवला. चहा केला, तो प्यायला विसरले, पुन्हा गरम केला. तोवर राग बराच उतरला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते मला पटकन ओळखू येईना. मे महिन्यात ये. तुझ्या खोलीत गादी घालून आपण तिघी झोपू, किंवा तुम्ही दोघी झोपा, मी माझी पलंगावर बरी आहे. खडसावायचं बघू तेव्हा, तोवर राहिलं तर.

मग खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि लॅबवालीला म्हटलं, "ती पुस्तकं पुन्हा फळीवर लाव. कुठे जायचं नाही." तिच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. म्हणाली, "काय झालं, आजी?"

मी म्हटलं, "काही नाही गं. आमची धाकटी मोठी झाली."

दिवसभर लोकांच्या बाटल्यांवर नावं आणि वयं लिहायची सवय तिला. तिने सवयीने लगेच विचारलं, "वय?"

"एकोणसाठ," मी म्हटलं.

ताई